दिवाणावरचे कृष्ण

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत चार-पाच कृष्ण एकदम रडत असतात. एकाला मुकुट टोचतो. दुसऱ्याला हवी असलेली बासरी तिसऱ्याच्या हातात असते, आणि चौथ्यानं पितांबरात जे करायचं ते करून ठेवलेलं असतं. संध्याकाळी घरी जो फोटो जातो त्यात मात्र एकच कृष्ण असतो, हसरा, गालाला लोणी लागलेला. त्याखाली लगेच उत्तर येतं, 'काकू, तुम्ही तर यशोदाच.' सोबत दोन जोडलेले हात.

या यशोदेचा मला पूर्वी राग येत नव्हता. आता येतो. यशोदा म्हणायला कोणाच्या खिशातून काही जात नाही. शिवाय यशोदेच्या दारात रोज संध्याकाळी कोणी पर्स खांद्याला अडकवून लेकरू परत मागायला येत नव्हतं. आणि तो पुढं मथुरेला गेला तो पुन्हा फिरकलाच नाही, हे कोणी फोटोखाली लिहीत नाही.

आमचं पाळणाघर सिडकोत आहे, राहत्या घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत. आमचे हे वाळूजच्या कंपनीतून अचानक घरी बसले तेव्हा मी ते सुरू केलं. वाटलं होतं, त्यांना दुसरं काही मिळेपर्यंत करू. त्यांना काही मिळालं नाही आणि माझं पाळणाघर जोरात चाललं. आता हे निवांत आहेत आणि मी अडकलेय. मुलगा पुण्याला असतो. मला आई म्हणणारं माणूस आहे, त्याचा फोन रविवारी येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिगत ऐकून बायका 'हिला मूलबाळ नसेल' असं तोंड करतात, आणि मग मला ते तोंड बघत बसावं लागतं.

फोटोचं खूळ आयांनी आणलं. सुरुवातीला लेकरू जेवलं, झोपलं, पडलं नाही, एवढ्यावर त्या खूश असायच्या. मग प्रत्येक सणाला वेश आला. पंधरा ऑगस्टला तिरंगी टोपी, शिवजयंतीला जिरेटोप आणि काजळानं काढलेल्या मिशा, संक्रांतीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने, आणि गोकुळाष्टमीला कृष्ण. घरी करायला त्यांना वेळ नसतो. रविवारी वेळ असतो, पण रविवारी लेकरू ऐकत नाही. ते माझं ऐकतं. सणाच्या दिवशी सकाळी सकाळी सगळ्या नातेवाइकांना स्टेटस दिसलं पाहिजे, म्हणून सगळा कार्यक्रम आदल्या दिवशी उरकायचा. सणाच्या दिवशी सकाळी माझा फोन उघडला की माझाच दिवाण, माझाच पडदा आणि माझीच खिडकी पाच-सहा घरांची म्हणून मला दिसते.

मी त्यात तरबेज झाले. हे माझं मलाच सांगावं लागतं, दुसरं कोणी सांगणार नाही. पूर्वेच्या खिडकीखाली दिवाण सरकवायचा. पडद्याच्या दांडीला लग्नातला शालू चिमट्यांनी उलटा टांगायचा, म्हणजे काठ बरोबर लेकराच्या डोक्यामागं येतो. दुकानातला मुकुट घालायचा नाही, तो कानामागं टोचतो. आमचे हे परकराच्या जुन्या इलॅस्टिकला मोरपीस शिवून देतात, ते डोक्यावर आहे हे लेकराच्या ध्यानातही येत नाही. मोत्यांच्या माळा जाड दोऱ्यात ओवून घ्यायच्या, कारण त्या तोंडात जाणारच. मडक्याच्या तोंडाशी लोणी म्हणून कापूस लावायचा, गंगापूरकडच्या आमच्या दिरांच्या शेतातला. गालाला मात्र चक्का. आणि बोटाला चिकटपट्टीचा एक तुकडा चिकटवून द्यायचा. या बोटावरची पट्टी त्या बोटाला, त्या बोटाची पुन्हा या बोटाला, असं करत लेकरू मिनिटभर एका जागी बसतं. तेवढ्यात जे मिळेल ते मिळेल. हे माझ्यामागं उभे राहून स्टीलच्या वाटीत चार हरभरे घालून वाजवतात, म्हणजे ते समोर बघतं.

फोटो असा मी काढतच नाही. व्हिडिओ लावून ठेवते आणि नंतर त्यातून बरा दिसेल तो तुकडा उचलते. संध्याकाळी लेकरं गेली की चहा घेत बसते आणि निवडते. काय पाठवायचं हे त्यात येतं, आणि काय नाही पाठवायचं हेही.

कारण या धंद्यात एक गोष्ट आपली आपण शिकावी लागते. लेकराचं पहिलं काहीही आपण बघायचं नाही. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं होतं ते आपल्यासमोरच, कारण जागेपणी लेकरू आपल्याकडंच असतं. पण ते झालेलं नसतं. अगदी सुरुवातीला मी एका आईला दारातच आनंदानं सांगून टाकलं होतं की आज चालला, चार पावलं टाकली. तिचा चेहरा असा उतरला की मला कळेना, मी काय वाईट बोलले. तेव्हापासून लेकरू दुपारी माझ्या फरशीवर चाललं, तरी संध्याकाळी मी एवढंच म्हणते, 'आज-उद्याकडं चालेलसं वाटतंय हो, घरी लक्ष असू द्या.' दोन दिवसांनी फोन येतो, काकू, चालला. मी म्हणते, अगंबाई, खरंच का. या कामात मुरलेली प्रत्येक बाई हे खोटं बोलते आणि त्याबद्दल तिला कोणी यशोदा म्हणत नाही, कारण ते कोणाला माहीतच नसतं.

आता त्या लेकराचं सांगते. माझ्याकडं आयांना नावं नसतात. एक कॉलेजवाली, एक दवाखानावाली, तशी ही बँकवाली. बिडकीनच्या शाखेत होती. सकाळी लेकरू अर्धवट झोपेत माझ्या खांद्यावर टाकायची आणि पैठण रोडच्या गर्दीतून परत येईपर्यंत सात वाजायचे, तेव्हा ते पुन्हा पेंगुळलेलं असायचं. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात, पाळीची नोकरी, तो असून नसल्यासारखा. सासू गंगापूरकडं शेत आणि जनावरं सोडून यायला तयार नव्हती. मी तिला अहो-जाहो करायचे. वयानं माझ्या लेकापेक्षा लहान होती, पण ज्यांच्याकडून महिन्याला पैसे घ्यायचे त्यांना अगं-तुगं करून चालत नाही.

लेकरू सहा महिन्यांचं आलं आणि माझंच होऊन बसलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. बाकीची लेकरं मी सांभाळते, हे लेकरू मला आवडायचं. शांत होतं. खेळणी ओढायचं नाही, ओट्याखाली बसून वाट्या एकात एक घालायचं आणि मी उठले की मागं यायचं. संध्याकाळी बँकवाली हात पसरून उभी राहायची आणि ते माझा पदर मुठीत धरायचं. मी एक-एक बोट सोडवून त्याला तिच्याकडं द्यायचे. ती हसायची, पण ते हसणं रोज थोडं कमी होत गेलं.

तिची मला कीव यायची, तसा रागही यायचा. तेव्हा मी माझी नेहमीची युक्ती सुरू केली. ज्या आयांना उशीर होतो त्यांच्या लेकरांना मी रोज दुपारी, वरणभात झाला की, माझ्या फोनवर आईचा फोटो दाखवते. फोन तोंडासमोर धरायचा आणि विचारायचं, ही कोण? आई. आई बँकेत गेली. आई येणार. लेकरू पडद्यावर हात मारतं, हसतं आणि झोपतं. आजवर सगळ्यांना याचा उपयोग झाला. मीच काढलेली युक्ती होती, मला कोणी सांगितली नव्हती.

याला मात्र वाचाच फुटेना. दीड वर्षाचा झाला, वर दोन महिने झाले. चालायचा, सगळं समजायचं, पण शब्द नाही. बँकवालीनं त्याचे कान तपासून आणले, कान चांगले होते. डॉक्टर म्हणाले, थांबा, बोलेल, घरात त्याच्याशी भरपूर बोला. ती मला म्हणाली, काकू, मी कधी बोलू? रोज सात वाजता दारात तिचा एकच प्रश्न असायचा, आज काही बोलला? मी म्हणायचे, नाही हो. या बाबतीत मी खरंच बोलत होते.

त्या वर्षी गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखा दिवाण सरकवला. रडके आधी उरकले आणि याला शेवटी ठेवलं, कारण हा थांबायचा. पिवळं धोतर नेसवलं, मोरपीस बांधलं, गालाला चक्का लावला. तो दिवाणावर मांडी घालून बसला आणि चिकटपट्टीशी खेळायला लागला. इतका गोड दिसत होता की मी क्षणभर तशीच बघत उभी राहिले. मग गुडघ्यावर बसले, व्हिडिओ लावला आणि फोन उचलून त्याच्या तोंडासमोर धरला.

त्यानं चिकटपट्टी सोडली, मान वर केली, सरळ समोर पाहिलं आणि म्हणाला, "आई."

बोबडं नाही, अर्धं नाही. मागं वाटी वाजायची थांबली. दुसरं कोणतंही लेकरू चुकून मला आई म्हणालं की मी लगेच म्हणते, काकू म्हण, काकू. इतक्या वर्षांची सवय आहे, जिभेवरच असतं. त्या दिवशी जिभेवर ते आलं नाही. मी म्हणाले, "ओ. काय रे माझ्या राजा?"

आणि तेवढ्यात पाणी आलं.

आमच्या भागात पाणी किती दिवसांनी येईल याचा नेम नसतो, आणि आलं की माणूस हातातलं टाकून पळतो. शेजारणीनं भिंतीवरून हाक मारली, मोटर लागली होती, हौदाचं झाकण उघडायचं होतं, पिण्याचं पाणी वेगळं भरायचं होतं. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, एवढे फोटो ज्याचे त्याला पाठवून द्या. एरवी मी ते काम कोणाला देत नाही. पण आम्हा शहरातल्या माणसांना पाणी आलं की दुसरं काही दिसत नाही, हे आमच्यापैकी कोणालाही सांगायची गरज नाही.

ह्यांनी पाठवलं. जे होतं ते सगळं पाठवलं. बँकवालीला व्हिडिओ जसाच्या तसा गेला, आणि खाली ह्यांनी लिहिलं, 'लेकरू बोललं.' ती किती काळजीत होती ते हे रोज दारात ऐकत होते, तेव्हा ही खबर तिला आधी कळावी असं त्यांना वाटलं. माझा नियम त्यांना माहीत नव्हता. माहीत कसा असेल? तो मी कधी कोणाला तोंडानं सांगितलेलाच नाही. हंडे भरून मी ओल्या पदरानं घरात आले तेव्हा हे हसत होते आणि लेकरू मांडीवर घेऊन बसले होते. काय पाठवलं ते बघितलं आणि मी खाली बसले. व्हिडिओ तिनं पाहिला होता. उत्तर नव्हतं.

त्या दिवशी ती चारलाच आली. डब्याची पिशवी हातात, कपाळावर घाम. हे पुढं झाले, म्हणाले, "ऐकलं ना मॅडम? लई स्पष्ट बोललं लेकरू. आता काय काळजी नाय." ती ओठांनी हसली. बसा म्हटलं तर बसली नाही. मला म्हणाली, "काकू, हे तुम्ही शिकवलंत त्याला?"

मी म्हणाले, तुमच्याबद्दलच शिकवते हो, रोज दुपारी.

"पण ओ तुम्ही दिलीत," ती म्हणाली.

तिनं हात पसरले, लेकरानं माझा पदर धरला, मी बोटं सोडवली. पिवळं धोतर तसंच होतं अंगावर. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचं रडणं ऐकू येत राहिलं. रात्री आठच्या सुमाराला तिच्या नवऱ्याचा फोन आला. त्याचा फोन एरवी कधी येत नाही. लेकरू काढायचं असेल तर किती आधी सांगावं लागतं, एवढंच त्यानं विचारलं. म्हणजे झालंच.

हे ताटातलं चिवडत बसले होते. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं का गं?" मी त्यांच्यावर ओरडले, नको ते बोलले, कंपनी सुटल्यापासूनचं सगळं काढलं. पण ओरडताना आत मला आनंद होत होता, आणि तो लपवायला मी जास्त ओरडत होते. लेकरू जाणार, हे दुःख होतंच. पण जाता जाता ते मला आई म्हणालं होतं. भांडी घासून झाल्यावर मी तो व्हिडिओ किती वेळा लावला कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी नव्हती. ती लेकरू घेऊन आली, माझ्या खांद्यावर ठेवलं, माझ्याकडं पाहिलं नाही. दुपारी वरणभात झाला. मी सवयीनं फोन हातात घेतला. अजून फोटो लावला नव्हता, पडदा काळाच होता. लेकरानं त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणालं, "आई."

मी फोन खाली ठेवला. तो ओट्याजवळ गेला, तिथं ह्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. त्याच्याकडं हात करून म्हणाला, "आई." मी त्याच्यापुढं टीव्हीचा रिमोट धरला. तो बघत राहिला, काही बोलला नाही. माझा पदर धरून उभा होता, पण माझ्याकडं बघत नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर रोज दुपारी मी ती काळी वस्तू त्याच्या तोंडासमोर धरत होते आणि म्हणत होते, आई. त्याला वाटलं, हिचं नाव आई. दिवाणावर मी तीच वस्तू त्याच्यासमोर धरली आणि त्यानं शिकवलेलं बरोबर सांगितलं. ओ देणारी मी कोण होते?

ह्यांना सांगितलं. ते आधी हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. कोणी सगळ्यांदेखत तोंडात मारावी तसं झालं, फक्त बघणारं कोणी नव्हतं. खरं तर त्यानं मला आजवर कोणतंच नाव दिलेलं नव्हतं. मांजराला त्याचा एक आवाज होता, मिक्सरला एक होता, ह्यांना बघून तो टाळी वाजवायचा. माझ्यासाठी काहीच नव्हतं.

पण मग मी डोळे पुसले आणि विचार केला, की हे तर बरंच झालं. गैरसमज आहे, तो दूर होईल. बँकवालीला कळेल की लेकरू मला नाही, तिलाच आई म्हणालं, तिचं मन शांत होईल आणि लेकरू माझ्याकडं राहील. मला शब्द नको होता, लेकरू हवं होतं. दुपारभर मी मूर्खासारखी आनंदात होते. सात कधी वाजतात याची कधी नव्हे ती वाट बघत होते.

ती आली. मी तिला आत ओढलंच जवळजवळ. म्हणाले, तुम्ही रागावू नका, आधी बघा. आणि काल रात्री घरी काही बोलला का, हे विचारलं. तिचा चेहरा कसानुसा झाला. म्हणाली, नाही. घरी गेल्यावर तिनं फोन बंद करून कपाटात ठेवला होता, स्वयंपाक केला नव्हता, त्याच्यापुढं मांडी घालून बसली होती आणि आई म्हण, आई म्हण, असं करत राहिली होती. तो एकदाही म्हणाला नाही.

"कसा म्हणेल?" मी म्हणाले. "तुमचा फोन काढा. त्याच्यासमोर धरा."

तिनं पर्समधून फोन काढला आणि धरला. लेकरू लगेच म्हणालं, "आई."

तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मला वाटलं, जिंकलं. मी भराभर सगळं सांगितलं, रोजचा फोटो, वरणभात, ही कोण, आई बँकेत गेली, आई येणार. म्हणाले, तुमचाच फोटो दाखवत होते हो, शब्द तुमचाच आहे, माझा काही संबंध नाही. हे मागून म्हणाले, "व्हय, मी रोज बघतो ना. फोन पुढं धरती आन तुमचं नाव घेती."

ती ऐकत होती. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला, पर्स बाजूला ठेवली आणि फरशीवर बसली. दोन्ही हात पसरले आणि हळू विचारलं, "आणि मी कोण?"

लेकरू तिच्याकडं बघत राहिलं. चांगलं निरखून बघत राहिलं. मग चालत तिच्याजवळ गेलं, तिच्या हातांच्या मधून पुढं गेलं, पर्सपाशी बसलं, चेन उघडी होती तिच्यात हात घातला आणि म्हणालं, "आई."

मला त्या घडीला सगळं थांबवावंसं वाटलं, पण थांबवायला काही उरलं नव्हतं. बँकवाली रडली नाही. पर्समधून त्याचा हात काढून तिनं तो आपल्या हातात धरून ठेवला.

"काकू," ती म्हणाली, "कालचंच बरं होतं. काल निदान आई म्हणजे माणूस होतं."

दुसऱ्या दिवशी लेकरू आलं नाही. गंगापूरहून सासूला आणलं, जनावरं विकली की कोणाकडं ठेवली ते मला माहीत नाही. लेकराच्या वाट्या आणि एक झबलं राहिलं होतं, ते न्यायला नवरा आला, दारातूनच घेऊन गेला. बाकीच्या आयांपर्यंत काहीतरी पोचलं असावं. कॉलेजवाली एकदा हसत म्हणाली, काकू, आमच्याला तुम्ही काकूच शिकवा हं. मी हसले. फोटो दाखवायची युक्ती मी बंद केली. आता ज्यांच्या आया उशिरा येतात ती लेकरं दुपारी नुसतीच झोपतात, आणि तेही चालतं, कोणाचं काही अडत नाही.

दिवाळीच्या पुढं कधीतरी ह्यांनी फोन माझ्यापुढं आणला. बँकवालीनं स्टेटस ठेवलं होतं. तोच व्हिडिओ. माझा दिवाण, माझ्या शालूचा काठ, पिवळं धोतर, गालावर चक्का. मागं बासरीचं संगीत लावलेलं. लेकरू मान वर करतं आणि म्हणतं, आई. तिथंच संपतो. खाली लिहिलं होतं, 'माझ्या बाळाचा पहिला शब्द.' ह्यांना राग आला. म्हणाले, "तुझा आवाज कापला बघ."

मी म्हणाले, बरोबर केलं तिनं. शब्द तिचा होता, हे मीच तर तिला दाखवून दिलं होतं, तिच्याच पर्ससमोर बसवून. मी तोंड उघडलं नसतं तरी लेकरू गेलंच असतं. पण मग ते मला आई म्हणून गेलं असतं. कोणाला कळलं नसतं, त्या लेकरालाही नाही. एवढं एक खोटं मला ठेवता आलं असतं, इतक्या आयांसाठी मी इतकं खोटं बोलले आहे. ते मी ठेवलं नाही.

माझ्या फोनमध्ये तो व्हिडिओ अजून पुरा आहे. तो पुसवत नाही आणि बघवतही नाही. लेकरू हाक मारतं ती मला नाही, आणि ओ मी देते. किती लगेच देते.